ग्रहणाची पाच चित्रं

माझ्या नवऱ्याची बँकेतून बनारसला बदली झाली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मंगला गौरीच्या देवळापासून चार पावलांवर एका मराठी घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या घेतल्या. आसपास मराठी घरं बरीच होती, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. साखर संपली असं तिथं कुणी म्हणत नसे, खतम झाली म्हणत. मुलं तर दोन वाक्यं मराठीत बोलून तिसऱ्याला हिंदीत शिरायची. मला मूल नव्हतं, ओळखी नव्हत्या आणि नवरा सकाळी नऊला गेला की संध्याकाळपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

घरमालकांच्या दोन नातवंडांना शाळेच्या प्रदर्शनासाठी सूर्यमालेचा तक्ता करायचा होता. मी शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या, हे बोलता बोलता घरमालकिणीला कळलं आणि तिनं त्यांना वर पाठवलं. तो तक्ता बरा झाला. मग शेजारची मुलं यायला लागली. दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत पाच मुलं जमिनीवर पालथी पडून ग्रह काढायची. कागद म्हणजे बँकेच्या जुन्या कॅलेंडरांची पाठ. गुरूला जेवणातली वाटी, शनीला तिच्याहून जरा लहान वाटी, पृथ्वीला बांगडी मोठी होते म्हणून बाटलीचं झाकण, आणि प्लूटोला पेन्सिलचं टोक. कक्षा काढायला दोऱ्याच्या एका टोकाला पेन्सिल बांधायची, दुसरं टोक सूर्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून धरायचं. अंगठा हलला की कक्षा फाटायची आणि सगळी हसायची.

त्या पाचांमध्ये एक मुलगी होती, अकरा वर्षांची. तिचे वडील वैदिक, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं आणि तीर्थविधी करायचे. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. मुलगी अबोल, वेण्या घट्ट, आणि नाकावर कायम रंग. तिला मी वेगळं असं काही शिकवलं नाही. पहिल्याच महिन्यात मी मुलांना गोलाला सावली कशी द्यायची ते दाखवलं होतं, डावीकडून उजेड, उजवीकडे सावली. चौघांनी सगळ्या ग्रहांना उजवीकडे सावली दिली. हिनं पेन्सिल खाली ठेवली.

“काकू, हे गलत होईल ना,” ती म्हणाली. “उजेड तर सूर्याचा आहे. जो ग्रह सूर्याच्या ज्या बाजूला आहे त्याची सावली त्या बाजूला पडेल.”

मी तिच्या कागदाकडे बघत राहिले. माझ्या परीक्षेच्या सगळ्या चित्रांत उजेड डावीकडूनच यायचा. मला ते कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या एका रविवारी तिनं विचारलं, राहू आणि केतू कुठं काढायचे. तिचे वडील नवग्रहांची मांडणी करायचे तेव्हा तांदळावर नऊ सुपाऱ्या ठेवायचे आणि त्यातही सूर्य मधोमधच असायचा, हे तिनं सांगितलं. मग राहू-केतू आमच्या तक्त्यात का नाहीत? मी म्हटलं, ते ग्रह नाहीत, ग्रहणाच्या वेळी चंद्र आडवा येतो त्या जागा आहेत. मला नीट माहीत नव्हतं. पण त्यावरून मी ग्रहण कसं लागतं ते काढून दाखवलं आणि मुलांना ते फार आवडलं. त्या वर्षीच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मोठं सूर्यग्रहण होतं. सगळीकडे तीच चर्चा होती. बनारसला सूर्य पुरता झाकला जाणार नव्हता, पण नुसती कोर उरणार होती.

मला चित्रकला शिकवणारे मास्तर म्हणायचे, बघितल्याशिवाय काढायचं नाही. मीही मुलांना तेच सांगायचे. आणि ग्रहांच्या बाबतीत माझी मोठी पंचाईत होती, कारण आम्ही काढत होतो त्यातलं काहीच आम्ही बघितलेलं नव्हतं. सगळं पुस्तकातून उचललेलं. म्हणून त्या ग्रहणाची मला मुलांपेक्षा जास्त घाई झाली होती.

वर्तमानपत्रात रोज सूचना येत होत्या. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, उजेड कागदावर पाडा आणि त्या कागदावर सूर्याची कोर बघा, हे सगळीकडे होतं. मला ते मिळमिळीत वाटलं. कागदावर पडलेला ठिपका बघून काय चित्र काढणार? एक्स-रेच्या फिल्ममधून बघायला हरकत नाही, असं एका ठिकाणी वाचलं. दुसऱ्या ठिकाणी वाचलं की ती फिल्म मुळीच चालणार नाही. हे दोन्ही मी एकाच आठवड्यात वाचलं. मला जे हवं होतं ते मी धरलं.

आदल्या हिवाळ्यात नवऱ्याचा खोकला बरेच दिवस हटला नव्हता, तेव्हा छातीचा एक्स-रे काढला होता. तो कपाटामागे पडला होता. ग्रहणाच्या आधीच्या रविवारी मी तो कात्रीने कापला आणि सर्वांत काळा भाग निवडून पाच मुलांना पाच तुकडे दिले. म्हटलं, यातून क्षणभर बघायचं, मग मान खाली घालून काढायचं. परत बघायचं, परत काढायचं. ग्रहण सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत पाच चित्रं. ज्याची पाचही चित्रं होतील त्याला माझी परीक्षेची रंगपेटी.

घरच्यांना विचारा, असं मी म्हटलं नाही. त्या घरांमध्ये ग्रहणात कुणी पाणीसुद्धा पीत नसे, हे मला माहीत होतं. विचारलं तर नाही म्हणतील हेही माहीत होतं.

ग्रहणाच्या सकाळी मी आणि नवरा गच्चीवर गेलो. खाली पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून जप करत होते, शंख वाजत होते. मी उरलेल्या तुकड्यातून तीन-चारदा ओझरतं बघितलं. ऊन हळूहळू फिकं, राखेसारखं झालं. कबुतरं छपरावर येऊन बसली. नवरा म्हणाला, थंडी वाजतेय, आणि आम्ही खाली आलो. बाकीच्या चार मुलांना घरच्यांनी दारं लावून आत बसवलं होतं, हे मला नंतर कळलं. हिचे आई-वडील आणि घरातली बाकीची माणसं स्नानाला घाटावर गेली होती. हिला ताप येऊन गेला होता, म्हणून एकटीला घरी ठेवलं होतं, आत बसून राहा म्हणून बजावून.

पुढच्या रविवारी ती पाच चित्रं घेऊन आली.

तेवढी चांगली चित्रं त्या वयाच्या मुलीनं काढलेली मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही नाही. पहिल्या कागदावर सूर्याच्या कडेचा एक घास गेलेला. तिसऱ्यावर कोर, बारीक, दोन्ही टोकं धारदार, आणि ती सरळ उभी नव्हती, तिरकी होती, जशी खरोखर होती तशी. खाली त्यांच्या गच्चीचा कठडा, त्यावर वाळत टाकलेलं धोतर आणि त्या धोतरावरचा उतरलेला उजेड. मी रंगपेटी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली नाही.

मग आम्ही नेहमीसारखे कामाला बसलो. त्या दिवशी शनीची कडी काढायची होती. बाकीच्यांची झाली तरी हिची होईना. कडीची दोन टोकं जुळत नव्हती. ती कागद डावीकडे सरकवून मान वाकडी करून बघत होती. मी विचारलं, “मान अवघडली का?”

“नाही.”

“मग सरळ बस ना.”

तिनं पेन्सिल कागदावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. मग हळूच म्हणाली, “काकू, जिथं बघते तिथंच नाही दिसत.”

मी इतर मुलांना घरी पाठवलं. तिला खिडकीशी नेऊन समोरच्या भिंतीवरचा खिळा दाखवला. ती म्हणाली, भिंत दिसते, खिळा नाही. तुमचे कान दिसतात, नाक नाही. मधे एक भुरकट डाग आहे आणि डोळा फिरवला की तोही फिरतो. ग्रहणाच्या दिवशी दुपारपासून आहे. पाच दिवस झाले होते. दुखत नव्हतं, आणि ग्रहण बघितल्याबद्दल रागावतील म्हणून तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिला घेऊन मी तिच्या घरी गेले. दोन गल्ल्यांचं ते अंतर मला आजही नीट आठवतं, कारण त्या वाटेत मी काय बोलायचं ते पुरतं ठरवलं होतं. गुरुजी, चूक माझी आहे, फिल्म मी दिली, बघायला मी सांगितलं. शब्द तयार होते.

गुरुजी पोथी बांधत होते. मी म्हटलं, “हिच्या डोळ्याला काहीतरी झालंय. दवाखान्यात न्यायला हवं.”

त्यांनी मुलीकडे बघितलं. “ग्रहण बघितलंस?”

“हो.”

ते रागावले नाहीत. हातातला रुमाल गाठ न मारता तसाच खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. आतून तिची आई आली, तिनं ऐकलं आणि ती दारातच उभी राहिली. थोड्या वेळाने गुरुजी मला म्हणाले, “वहिनी, तुम्हाला आमच्यापायी तसदी झाली. आम्ही शंभरदा सांगून गेलो होतो. बाहेर यायचं नाही, बघायचं नाही. पण हिनं ऐकलं नाही. दोष कुणाला द्यायचा?”

तीच वेळ होती. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. मी म्हटलं, “आधी डॉक्टरांना दाखवू या.”

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. नवऱ्यानं रजा घेतली होती. नेत्रविभागाबाहेर लांब रांग होती. गुरुजी आणि नवरा पुढच्या तपासणीची चिठ्ठी करायला खिडकीवर गेले तेव्हा बाकावर आम्ही दोघीच उरलो. तिच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, आणि उजेड सहन होत नव्हता म्हणून ती फ्रॉकचा घेर चेहऱ्यावर धरून बसली होती.

मी वाकून विचारलं, “फिल्म काढून बघितलंस का गं? मधेच कधी, नुसत्या डोळ्यांनी?”

तिनं घेर आणखी घट्ट धरला.

“एकदा तरी काढली असशील. नीट दिसत नसेल म्हणून. हो ना?”

तिनं घेर थोडा खाली केला. त्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी तिला माझा चेहरा काही दिसत असेल असं नाही. पण आवाज तिला कळत होता. “हो,” ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती. मला काय ऐकायचं आहे ते तिला समजलं आणि तिनं ते मला दिलं. मला हे तिथंच, त्या बाकावर कळलं होतं. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की कळलं नव्हतं, पण कळलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, कशातून बघितलं? ती म्हणाली, असंच. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. पडद्याच्या मधोमध उन्हाने भाजलं आहे, ते म्हणाले, उजव्यापेक्षा डाव्याला जास्त. यावर औषध नाही. सहा महिने वाट बघायची, काहीजणांचं आपोआप भरून येतं. गुरुजींनी हात जोडले. परतताना रिक्षात ते मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. एक्स-रे कापल्याचं त्याला माहीतही नव्हतं. तो घराच्या दाराशी येऊन थांबला. मग म्हणाला, “आता सांगून तिचा डोळा बरा होणार आहे का?”

“नाही.”

“मग झालं. आपण परके आहोत इथं. त्या लोकांनी मनावर घेतलं तर राहणं मुश्किल होईल.”

तो वाईट माणूस नाही. मला हवं ते त्यानंही दिलं, इतकंच.

घरोघरी बातमी पसरली. ग्रहण बघितलं म्हणून गुरुजींच्या मुलीचे डोळे गेले, असं आया मुलांना सांगू लागल्या. शेजारच्या बायका मला येऊन विचारायच्या, तुमच्याकडे यायची ना ती? मी म्हणायचे, हो, हुशार होती. गुरुजींनी ग्रहशांती केली. मुलीच्या मागे रविवारचं व्रत लागलं आणि रोज सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायचा नेम लागला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून घाटाकडे जाणारी वाट दिसायची. ती तांब्या घेऊन आईच्या मागे पायऱ्या उतरताना मला दिसायची, एक हात भिंतीला लावून, पायरी चुकू नये म्हणून. तिच्याकडून सूर्याची माफी मागवत होते. थंडीतही त्यात खाडा नव्हता. मी पोळ्या लाटत उभी असायचे. खिडकी लावून घ्यावी असं रोज वाटायचं, आणि मी ती लावली नाही.

रविवारचा वर्ग मी बंद केला. तब्येत बरी नसते असं सांगितलं. मुलं दोन-तीन आठवडे दार वाजवून गेली.

सहा महिन्यांनी उजवा डोळा बराचसा सुधारला. डाव्यातला डाग राहिला तो राहिलाच. ती शाळेत जात होती, वाचत होती, फक्त पुस्तक एका बाजूला धरून. रस्त्यात भेटली की मान जराशी वळवून माझ्याकडे बघायची, म्हणजे मी तिला दिसावी म्हणून. “काकू, बऱ्या आहात ना?” असं विचारायची. चित्र काढतेस का, असं मी तिला विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली नवऱ्याची नागपूरला बदली झाली. सामान बांधून झालं होतं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी यात्रेकरूंना घेऊन बाहेर गेले होते, मुलगी शाळेत. तिची आई तांदूळ निवडत होती. निरोपाचं बोलणं झालं. मग मी तिच्यासमोर बसले आणि तीन वर्षांपूर्वी त्या दोन गल्ल्यांमध्ये ठरवलेलं सगळं सांगितलं. फिल्मचं, पाच चित्रांचं, रंगपेटीच्या आमिषाचं, आणि नंतरचं, दवाखान्यातल्या बाकावरचंही.

तिचा हात सुपात चालूच होता. माझं संपल्यावर ती म्हणाली, “तो तुकडा मला मिळाला होता. दवाखान्यातून आल्यावर, तिच्या गादीखाली. त्यावर छातीची हाडं दिसत होती. असला फोटो आमच्या घरात नव्हता कुणाचा.”

मी सुपातल्या तांदळाकडे बघत होते.

“मी तिला विचारलं. तिनं सांगितलं सगळं. यांना सांगू नको म्हणाली. बाबा काकूंकडे जाऊ देणार नाहीत आणि काकू शिकवणं बंद करतील.”

“मी बंदच केलं,” मी म्हटलं.

“हो ना,” ती म्हणाली. “रोज विचारायची, काकूंचा वर्ग परत कधी लागणार. सालभर विचारत होती. मग नाही विचारलं.”

“ताई, तुम्ही मला बोलायला हवं होतं.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. “मी वाट बघत होते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मला वाटायचं, आज याल, उद्या याल. तुम्ही खिडकीत दिसायच्या रोज. आम्ही अर्घ्याला जायचो तेव्हा. तुम्ही सांगितलं असतं तर निदान ते व्रत तरी सुटलं असतं तिचं. यांना मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, लेकीला वाचवायला दुसऱ्याचं नाव घेतेस.”

ती उठून आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते प्यायले. गुरुजींना मी सांगते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, ते आता मणिकर्णिका घाटावर आहेत, उशीर होईल, आणि तुमची गाडी सकाळची. राहू द्या. मी सांगेन. तिनं सांगितलं की नाही ते मला माहीत नाही.

मी निघाले तेव्हा मुलगी शाळेतून येत होती. चौदा वर्षांची झाली होती, ओढणी घेतली होती. आम्ही जाणार हे तिला माहीत होतं. तिनं वाकून नमस्कार केला. मी विचारलं, मोठी होऊन काय करणार? ती म्हणाली, “बी.ए. करीन. मग बघू. संस्कृत चांगलं आहे माझं, ते पाठ करता येतं.” मग मान वळवून मला बघत म्हणाली, “नागपूरला मुलांना शिकवाल ना काकू?”

मी हो म्हटलं.

नागपूरला आमच्या कॉलनीत मुलं पुष्कळ होती. एकदोन बायकांनी विचारलंही. मी म्हटलं, मला चित्रकला येत नाही.